किचन सिंक तुंबलंय, बॅटरीवरची ड्रेन केबल हातभर जाऊन अडते

निळीशाई

नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा मदत करा.

किचनचं सिंक बरेच दिवस कुरकुरतंय. आधी पाणी सावकाश जायचं. आता भांडी घासायला घेतली की अर्धं सिंक भरून उभं राहतं आणि बऱ्याच वेळाने गुडगुड आवाज करत उतरतं. रबरी पंप मारून पाहिला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, पुन्हा तेच.

घरात बॅटरीवर चालणारी ड्रेन स्नेक आहे. पिस्तुली मूठ, पुढे गोल ड्रम, त्यात साडेसात मीटर लांब आणि ६ मिमी जाडीची स्प्रिंगची केबल, टोकाला फुगीर गोळा. बाथरूमच्या बेसिनमधले केस तिने सहज निघाले होते. सिंकमध्ये मात्र जाळी काढून वरून सोडली की हातभर आत जाते आणि थांबते. ट्रिगर दाबला की ड्रम फिरतो, केबल बाहेरच्या बाहेर कमान करते, आत काही सरकत नाही.

बाकीची माहिती अशी. सिंकखाली बॉटल ट्रॅप आहे, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणारी वाटी. वॉशिंग मशीनचा पाइपही तिथेच जवळ भिंतीत जातो. मशीन पाणी सोडतं तेव्हा सिंकमध्ये खालून फेस वर येतो. बाथरूमचं बेसिन, मोरी, कमोड सगळं ठीक आहे, तिथे पाणी झटकन जातं.

वेग वाढवून जोर लावू का? केबल आत तुटून राहिली तर काय, ही भीती आहे. की हे मशीनच या कामाला लहान पडतंय?

सातवा_मजला

ताई, रात्री पाइप साफ करायची पावडर टाकून ठेवा. सकाळपर्यंत आतलं मऊ पडेल, मग केबल फुल स्पीडला घाला. आम्ही असंच करतो.

पाना_पक्कड

निळीशाई ताई, वर्णन इतकं नीट लिहिलंय की दुरून सांगणं सोपं झालं. मी इमारतींच्या देखभालीचं काम करतो, तुंबलेले पाइप रोजचेच.

पण आधी पावडरीचं बोलू. सातवा_मजला, तुमचा हेतू चांगला आहे, तरी हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. या पावडरींमध्ये बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो, पातळ स्वरूपात मिळणाऱ्या काही प्रकारांत सल्फ्युरिक ॲसिड. पाइप तुंबलेला असला की हे द्रावण पुढे जात नाही, अडथळ्याच्या वरच साचून राहतं. त्यात फिरती केबल घातली की स्प्रिंगच्या वेटोळ्यांत ते भरतं आणि केबल बाहेर येताना तोंडावर, हातांवर उडतं. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर नजर कायमची जाऊ शकते. तसं कधी झालंच तर वाट न बघता वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा. शिवाय सिंकच्या पाइपात चरबी असते. चरबी आणि कॉस्टिक मिळून साबण तयार होतो, आणि तो वाहून न्यायला पुरेसं पाणी नसलं तर तिथेच घट्ट बसतो. त्यामुळे एक तर रसायन, नाही तर केबल, दोन्ही एकापाठोपाठ कधीच नाही. ताई, तुम्ही पावडर टाकली असेल तर आज केबलला हात लावू नका, आणि उद्या कुणाला बोलावलंत तर त्यांना दारातच सांगा की आत रसायन आहे.

आता तुमचं काम. केबल जिथे अडतेय ती जागा आणि पाइप जिथे तुंबलाय ती जागा, या दोन वेगळ्या आहेत.

केबल अडतेय बॉटल ट्रॅपमध्ये. त्याची रचना अशी असते की सिंककडून येणारी नळी वाटीच्या आत, पाण्यात बुडेपर्यंत खाली उतरते. पाणी तळाला जातं, तिथून उलटं वर चढतं आणि बाजूच्या तोंडातून भिंतीकडे निघतं. पाण्याला हे जमतं. केबल तळाला टेकली की उलटी वळून वर चढू शकत नाही. हातभर अंतर म्हणजे सिंकच्या तोंडापासून बरोब्बर त्या वाटीचा तळ. तिथे वेग वाढवलात तर टोक जागच्या जागी फिरत राहील आणि सगळा पीळ बाहेरच्या कमानीत साठेल. ती कमान म्हणजे धोक्याची खूण आहे. तशीच ट्रिगर दाबून ठेवली तर केबल एकदम मुरडते, त्यात बोट सापडलं तर मोडतं. त्यामुळे वरून घालणं बंद करा.

खरा अडथळा कुठे आहे ते तुमच्या वॉशिंग मशीननेच सांगितलंय. मशीनचं पाणी सिंकमध्ये वर येतं, म्हणजे मशीन आणि सिंक यांचे पाइप जिथे एकत्र होतात त्याच्या पुढे वाट बंद आहे. बाथरूम व्यवस्थित चाललंय, म्हणजे घराची मुख्य लाइन मोकळी आहे. राहिला मधला तुकडा, भिंतीतला किंवा फरशीखालचा आडवा पाइप. तिथपर्यंत साडेसात मीटर केबल पोचायला हरकत नाही, आणि सिंकचा पाइप साधारण ४० मिमीचा असतो, त्याला ६ मिमीची केबल चालते. मशीन लहान नाही पडत. फक्त शिरायची जागा बदलायची.

वॉशिंग मशीनचा प्लग काढून ठेवा. घरात कुणी सवयीने मशीन सुरू केलं आणि तुमचा चेहरा उघड्या पाइपासमोर असला तर फार वाईट अनुभव येईल. सिंकमधलं पाणी मगाने उपसून घ्या. ट्रॅपखाली बादली ठेवा आणि वाटी हाताने फिरवून काढा. प्लास्टिकची असेल तर पाना लावू नका, तिचे आटे चटकन जातात. आतली रबरी रिंग कुठे आणि कशी बसली होती ते बघून ठेवा, मोबाईलवर फोटो काढला तर उत्तम. वाटीत राखाडी चिकट गाळ निघेल, तो बादलीत टाका, पुन्हा सिंकमध्ये ओतू नका. मग भिंतीत जाणारी आडवी नळी मोकळी करा. आता भिंतीतलं तोंड समोर दिसेल. ट्रॅपमधलं पाणी हेच दुर्गंधी अडवणारं झाकण असतं, ते निघालं की वास थेट घरात येतो. म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि मध्ये उठून जायची वेळ आली तर पाइपाच्या तोंडात जाडसर फडकं कोंबून जा. एवढंच की ते अख्खं आत सरकणार नाही असं कोंबा.

हातमोजे चामड्याचे. आत पातळ रबरी मोजे घातलेत तर घाण पाणी त्वचेला लागणार नाही. कापडी किंवा विणलेले मोजे मात्र अजिबात नकोत, फिरत्या केबलमध्ये धागा अडकला की मोज्यासकट हात ओढला जातो. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस, बांगड्या, सगळं आवरून बसा. डोळ्यांवर गॉगल.

आता केबल घालायची कशी, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ड्रमच्या पुढे फिरवायची एक कॉलर असेल. ती सैल केली की केबल हाताने ओढता येते, आवळली की केबल ड्रमबरोबर फिरते. सैल करून केबल हाताने आत ढकला, मोटर बंद. पहिल्या कोपऱ्याला ती अडेल. अडली की मशीन इतकं जवळ आणा की मशीनचं तोंड आणि पाइपाचं तोंड यांत वीतभरापेक्षा कमी केबल उघडी राहील, १५ सेंमीच्या आत. कॉलर आवळा. डाव्या हाताने केबल धरा, उजव्या हाताने ट्रिगर हलकेच, अगदी सावकाश फिरेल इतपतच. कोपऱ्याशी केबल हाताला स्प्रिंगसारखी मागे लोटते. फिरता फिरता टोक कोपरा शोधतं आणि एकदम मोज्यात सैलपणा जाणवतो. तो जाणवला की ट्रिगर सोडा, कॉलर सैल करा, पुन्हा हाताने पुढे.

अडथळा लागला की वेगळं वाटतं. केबल जड होते, मोटरचा आवाज खाली उतरतो, आणि पकडलेली केबल मुठीत पिळायला लागते. तिथे लगेच ट्रिगर सोडायचा. जोर करायचा नाही. अर्धा वळसा ती आपोआप उलगडते, तो उलगडू द्या. मग जरा मागे ओढा, पुन्हा सावकाश फिरवत पुढे न्या. असं मागे-पुढे करत टोकाला अडथळ्यात शिरू द्यायचं. आणि टक् असं कडक काही लागलं, दर वेळी त्याच जागी, तर ते चमचा, झाकण असलं काहीतरी असू शकतं किंवा पाइपाचा जोड. त्याला ठोकत बसू नका, इथे येऊन सांगा.

उलट्या दिशेचं बटण फक्त अडकलेलं टोक सोडवण्यापुरतं. या केबलचा पीळ असा असतो की सुलट फिरली की ती आवळत जाते, उलट फिरवत राहिलं की उकलते. केबल खराब होते ती बहुतेक वेळा उलटी चालवल्याने किंवा अडलेली असताना ट्रिगर दाबून धरल्याने. नेटाने पण हळू काम केलंत तर तुटून आत राहण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

रविवारची_कामं

पाना_पक्कड, कॉलर सैल-घट्ट करत बसण्यापेक्षा माझ्या मशीनला लिव्हर आहे, ती दाबली की केबल आपोआप आत जाते. हात घाण होत नाही. ऑटोफीडच घ्यावं असं माझं मत.

पाना_पक्कड

रविवारची_कामं, ऑटोफीड मीही वापरतो. लांब सरळ पाइप असेल, बाथटबच्या ओव्हरफ्लोमधून जायचं असेल तर छान काम होतं. पण लिव्हरच्या आतले रोलर केबल ढकलत राहतात, पुढे टोक थांबलंय हे त्यांना कळत नाही. टोक अडलं आणि तुम्ही लिव्हर सोडली नाही तर जादा केबल पाइपात गोळा होत राहते. हाताने ढकलताना तेच क्षणात मनगटाला कळतं. ज्यांना ही कामं नवी आहेत त्यांनी निदान पहिले एक-दोन कोपरे हातानेच पार करावेत असं मला मनापासून वाटतं. हात एकदा बसला की मग लिव्हर वापरा.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. पावडर टाकलेली नव्हती.

सांगितल्याप्रमाणे ट्रॅप उघडला. वाटीत गाळ होताच, पण ती साफ करूनही वॉशिंग मशीनचं पाणी वर आलं असतं हे आता पटलं, कारण भिंतीतल्या तोंडातही पाणी उभं दिसत होतं. केबल पहिल्या कोपऱ्यातून पार झाली, तो सैलपणा अगदी तुम्ही म्हणता तसा मोज्यात जाणवला. अंदाजे दोन-अडीच मीटरवर जड लागलं. मागे-पुढे केल्यावर उभं पाणी एकदम खाली गेलं. केबल काढली तर टोकाला पांढरट राखाडी, चिकट, मेणचट थर, त्यात थोडा लिंट, म्हणजे कपड्यांचे बारीक धागे.

सगळं पुन्हा जोडलं, पाणी झकास जात होतं. पण दुसऱ्या दिवशी सिंक भरून सोडल्यावर पुन्हा सावकाश उतरायला लागलं. पूर्ण तुंबलं नाही, पण आधीसारखं मोकळंही नाही. मी काही अर्धवट सोडलं का? आणि उकळतं पाणी ओतू का?

पाना_पक्कड

ताई, तुम्ही काम बरोबर केलंत. हा चरबीचा स्वभाव आहे.

तुमच्या केबलच्या टोकाला फुगीर गोळा आहे. केसांच्या बोळ्यात तो उत्तम काम करतो, कारण केस त्याला गुंडाळले जातात आणि बोळा अख्खा बाहेर येतो. चरबी गुंडाळली जात नाही. गोळा तिच्यातून लोण्यात बोट घातल्यासारखा आरपार जातो, बोटाएवढं भोक पडतं, पाणी उतरतं आणि आपल्याला वाटतं झालं. पाइपाच्या भिंतीवरचा थर जागच्या जागीच असतो. त्या भोकाच्या कडेला पुन्हा लिंट आणि गाळ चिकटायला वेळ लागत नाही.

त्यासाठी टोक बदलावं लागतं. तुमच्या मशीनच्या पेटीत बघा, काही मशीनची टोकं बदलता येतात. इंग्रजी सी अक्षरासारखी पोलादी पट्टी असलेलं एक टोक येतं, सी-कटर म्हणतात त्याला. ते फिरताना पाइपाच्या भिंतीला खरवडत जातं. पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा थोडं लहान घ्यायचं, घट्ट बसणारं नको, नाही तर जोडावर अडकतं. टोक बदलण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवा, दर वेळी. ट्रिगरला चुकून बोट लागतंच. तुमच्या केबलचं टोक कायमचं वळवलेलं असेल, बदलता येत नसेल, तर त्याच गोळ्याने काम करता येतं. फक्त एकदा पार झाल्यावर थांबायचं नाही, त्याच दोन-अडीच मीटरच्या पट्ट्यात केबल सावकाश फिरवत पुन्हा पुन्हा मागे-पुढे न्यायची. दर फेरीनंतर केबल बाहेर काढून पुसून घ्या. पुसल्याशिवाय परत घातली तर काढलेली चरबी तुम्हीच आत नेऊन ठेवता.

अंतर मोजायची सोपी पद्धत: जड लागलं की पाइपाच्या तोंडाशी केबल चिमटीत पकडा, मोटर बंद ठेवून बाहेर ओढा आणि चिमटीपासून टोकापर्यंत मोजपट्टी लावा. आकडा कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला शोधाशोध करावी लागणार नाही. आणि दर वेळी नेमकं त्याच आकड्याला अडत असेल तर तिथे पाइपाचा उतार बिघडलाय का हे बघायला हवं. आडव्या पाइपाला मीटरमागे साधारण दोन सेंटिमीटर उतार असावा लागतो. एखादा क्लॅम्प सुटून मधे पोट आलं असेल तर पाणी तिथे थांबतं, थंड होतं आणि चरबी तिथेच बसते. मग केबल कितीही फिरवा, दुखणं पाइपाच्या उताराचं आहे.

उकळतं पाणी नको. तुमचा पाइप पीव्हीसीचा असण्याची शक्यता जास्त, आणि हा पाइप ६० अंशांच्या पुढची उष्णता फार वेळ सोसत नाही. ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडायला लागतो, जोड ढिले होतात. हाताला चटका बसेल न बसेल असं गरम पाणी पुरेसं. खरवडून झालं की सगळं जोडा, भांड्यांचं साबण थोडं टाका, आणि सिंकचं तोंड बंद करून ते गरम पाण्याने काठोकाठ भरा. मग तोंड एकदम उघडा. बारीक धार सोडत राहण्यापेक्षा हा एकत्र लोंढा जास्त काम करतो, कारण पाइप भरून वाहतो आणि सुटलेले तुकडे पुढे रेटले जातात. दोन-तीनदा करा.

जोडल्यावर वाटीखाली कोरडा कागद ठेवून तो अर्ध्या तासाने बघा. थेंब पडला तर रबरी रिंग तिरकी बसली आहे. आवळत सुटू नका, काढून नीट बसवा.

लिंट वॉशिंग मशीनमधून येतंय. चरबी एकटी असती तर इतकं घट्ट बसलं नसतं, धाग्यांमुळे तिला धरायला आधार मिळतो. मशीनच्या पाइपाला जाळीची पिशवी बांधता येते, ती वेळोवेळी रिकामी करायची. आणि तवा-कढई धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. या दोन सवयींनी जे होतं ते कुठल्याही मशीनने होत नाही.

सातवा_मजला

पावडरीबद्दल एवढं माहीत नव्हतं. यापुढे लक्षात ठेवीन. आमच्या बेसिनला केसांमुळे वारंवार त्रास होतो, तिथे हेच मशीन चालेल ना?

पाना_पक्कड

चालेल, पण आधी साधं बघा. बेसिनमधला केसांचा बोळा बहुतेक वेळा अगदी वरच असतो. वेस्ट कपलिंगमध्ये, म्हणजे बेसिनच्या तळाच्या भोकात बसवलेल्या तुकड्यात, आडवी दांडी किंवा जाळी असते, पहिला केस तिथे अडकतो, मग साबणाचा पांढरा चोथा त्याला लेप देतो. पाणी कडक असलं की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण मिळून तो चोथा तयार होतो, पाण्यात विरघळत नाही. हे सगळं दाते असलेल्या प्लास्टिकच्या पातळ पट्टीने मिनिटात निघतं. पट्टी खाली घालायची, गोल फिरवायची, वर ओढायची. तिने नाही निघालं तरच ट्रॅप उघडा आणि केबल घ्या.

केसांना केबल लागली की ओळखायची खूण: जड होतं, पण चरबीसारखं गुळगुळीत नाही, तर धरून ओढल्यासारखं. अशा वेळी आरपार जायचा प्रयत्न करूच नका. तीन-चार वळसे सावकाश फिरवा म्हणजे केस गोळ्याला गुंडाळले जातील, ट्रिगर सोडा आणि मोटर न चालवता हाताने सरळ बाहेर ओढा. बोळा बाहेर आला पाहिजे. पुढे ढकलला गेला तर तो पुढच्या वळणावर अडकेल, आणि तिथे हात पोचत नाही.

गच्चीवरून

बॅटरीच्या मशीनने कमोड साफ करता येतो का? आमचा कमोड तुंबतो. आणि खरं तर आज सकाळी कमोड फ्लश केल्यावर मोरीच्या जाळीतूनही पाणी वर आलं. प्लग लावून विजेच्या तारेवर चालणाऱ्या मशीनऐवजी हे बॅटरीचं घ्यावं का, असाही विचार चाललाय.

पाना_पक्कड

तुमचे दोन प्रश्न वेगळे करतो.

मशीनचं आधी सांगतो. ओल्या बाथरूममध्ये गुडघे टेकून काम करताना २३० व्होल्टची तार जमिनीवर पडलेली नसणं ही फार मोठी गोष्ट आहे. मला बॅटरीचं मशीन आवडतं ते मुख्यतः याच कारणासाठी. १२ किंवा १८ व्होल्टची बॅटरी सिंक, बेसिन, मोरी एवढ्या कामाला पुरते. घेताना बॅटरीच्या व्होल्टपेक्षा ट्रिगरवर वेग किती हळू करता येतो ते हातात धरून बघा. दाबला की एकदम पूर्ण वेगात सुटणारं मशीन घेऊ नका.

कमोडसाठी मात्र हे वापरू नका. उघडी पोलादी केबल चिनी मातीवर घासली की काळे ओरखडे उठतात, ते सहज जात नाहीत, आणि वळणाशी फटका बसून तडाही जाऊ शकतो. त्यासाठी क्लोझेट ऑगर नावाचं वेगळं साधन मिळतं. लांब दांडी, खालच्या वाकड्या टोकाला रबरी किंवा प्लास्टिकचं आवरण, वर हँडल. आवरण कमोडच्या तळाशी टेकवायचं, म्हणजे केबल मातीला न लागता थेट वळणात शिरते. हाताने फिरवायचं असतं आणि तेच बरं. कमोडमधला अडथळा बहुधा त्या वळणातच असतो.

पण तुमच्याकडे आज ते काम नाहीये. कमोड फ्लश केल्यावर मोरीतून पाणी वर येतंय, म्हणजे दोन्हींची पुढची सामाईक लाइन बंद आहे. १०० मिमीच्या आसपासचा पाइप असतो तो. ६ किंवा ८ मिमीची केबल एवढ्या रुंद पाइपात सरळ राहत नाही, अडथळ्याला टेकली की दुमडून स्वतःवरच परत येते आणि तिची गाठ बसते. मग ती ना पुढे जाते ना मागे येते. अशा लाइनला जाड केबलचं मोठं मशीन लागतं. मोटरवर फिरणाऱ्या केबलचं पहिलं गाजलेलं मशीन अमेरिकेत सॅम्युएल ब्लँक यांनी १९३०च्या दशकात बनवलं, ते अशाच मुख्य लाइनसाठी, पाइपात शिरलेली झाडांची मुळं कापायला. वॉशिंग मशीनची मोटर त्यांनी त्याला लावली होती. आपल्या हातातलं बॅटरीचं मशीन त्याच घराण्यातलं असलं तरी त्याची ताकद लहान पाइपापुरतीच.

तेव्हा गच्चीवरून, आत्ता एवढं करा. घरातला पाण्याचा वापर थांबवा, वॉशिंग मशीनही. मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारा की त्यांच्याकडेही वर येतंय का. येत असेल तर अडथळा उभ्या पाइपात किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये आहे आणि सगळ्यांनी मिळून कळवायला हवं. चेंबरचं झाकण उघडलं तर वरूनच बघा, आत उतरू नका, डोकंही घालू नका. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि वायू जास्त असला की नाकाला तो वास कळेनासा होतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही असं कधीच समजू नका. मोठं मशीन असलेल्या माणसाला बोलावा आणि तो आला की मोरीतून पाणी वर आलं ही गोष्ट त्याला सगळ्यात आधी सांगा.

निळीशाई

पाना_पक्कड काका, आमच्या मशीनला सी-कटर नव्हता, त्याच गोळ्याने फेऱ्या मारल्या. दर वेळी केबल पुसली. चौथ्या-पाचव्या खेपेला केबल स्वच्छ बाहेर यायला लागली, मग सिंक भरून सोडलं. आता वॉशिंग मशीन पाणी सोडतं तेव्हा सिंकमध्ये काहीच वर येत नाही. एकच राहिलं, ड्रमला भयानक वास येतोय. केबल धुवायची कशी?

पाना_पक्कड

वा, छान केलंत!

बॅटरी काढा. केबल पूर्ण बाहेर ओढून बादलीत साबणाच्या कोमट पाण्यात घाला, ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा. ब्लीच वापरू नका, पोलाद गंजतं आणि गंजलेली केबल पुढच्या कामात मोडते. ड्रमच्या तळाशी पाणी काढायचं बूच असेल तर उघडा, आतलं घाण पाणी तिथेच साचतं, वास त्याचाच आहे. मोटरच्या भागावर पाणी जाऊ देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा.

मग केबल पूर्ण वाळू द्या, सावलीत पसरून. वाळली की फडक्यावर मशीनचं तेल थोडं घेऊन केबल त्यातून ओढत हातानेच ड्रममध्ये परत घाला. मोटर लावून घालू नका, फडकं ओढलं जातं आणि मागोमाग बोटं. घालताना हाताला कुठे एखादं वेटोळं उघडं किंवा मुरडलेलं लागतंय का ते बघा. लागलं तर पुढच्या वेळी ती केबल वापरू नका, बदलून घ्या. मुरडलेली जागा सरळ करून भागत नाही, पीळ पडला की ती तिथेच तुटते.